माप घेताना हलू नका

३ जून १९९१

जालन्याच्या कापडवाल्यानं जानेवारीत ही डायरी फुकट दिली, तेव्हापासून कपाटात कोरीच पडली होती. आज काढली, कारण डोकं तापलंय आणि भागम्मा ऐकून घ्यायला तयार नाही. ती म्हणते, "त्याच कोटाचं गाऱ्हाणं किती येळा सांगताव?" बायको ऐकत नाही तर डायरीला सांगतो.

तर कोट. मोंढ्यातले अडतवाले व्यंकटराव म्हणजे क्विंटलभर माणूस. मेच्या शेवटाला त्यांच्या पुतण्याचं लग्न झालं, व्यंकटरावांचा कोट मी शिवला. बगलेतला मुंढा असा आवळ झाला की त्यांचे दोन्ही हात खालीच येईनात. अक्षता टाकताना, पंगतीत फिरताना, फोटोत, सगळीकडं हात बाजूला काढलेले, चौकातल्या पोलिसासारखे. जो तो विचारायला लागला, कोट कुणी शिवला? चन्नबसप्पानं! सगळ्या मानवतमध्ये माझं हसं झालं.

आणि माझी चूक काय? त्या माणसाला गुदगुल्या होतात. टेप बगलेजवळ नेला की उडी मारतात. हसतात आणि हसता हसता शिव्या देतात. "आरं मेलो! आरं सोड मुडद्या!" छाती एकदा फुगलेली, एकदा आवळलेली. माप घ्यावं कशाचं? अंदाजानं कापलं आणि तोंडावर पडलो.

आज ते स्वतः दुकानात आले. म्हणाले, "चन्नाप्पा, मार्गशीर्षात माझ्या पोरीचं लगीन हाय. सगळ्या घराचे कपडे शिवायचेत. तू जुना माणूस, म्हणून अजून एक डाव देतो. माझं माप नीट घेऊन दाखीव. न्हाई जमलं तर सितारामकडं जातो." सिताराम म्हणजे पलीकडच्या बोळातला शिंपी, जो नजरेनंच माप घेतो म्हणून फुशारक्या मारतो.

व्यंकटरावाच्या घरचं काम गेलं तर सगळा मोंढा त्यांच्या मागं जाईल. माणूस चंद्रावर जाऊन आला आणि मला एका बगलेत टेप घालता येऊ नये? जमवणार. गुदगुली म्हणजे काय चीज आहे ती आधी समजून घेणार, मग तिचा बंदोबस्त.

७ जून

शाळेच्या कपड्यांची गर्दी. पोरापोरींची रांग दुकानाबाहेर गेली होती. एरवी मी खेकसतो, "माप घेताना हलू नका!" आज नुसता बघत राहिलो.

टेप अंगाला लागायच्या आधीच पोरं हसतात. मी नुसतं बोट दाखवलं तरी अंग चोरतात. म्हणजे गुदगुली हातात नाही, ती त्यांच्या आत आधीच तयार बसलेली असते. आणि एक हसलं की सगळी रांग हसते. पोरांना धरून उभं करायला दोन मास्तर बरोबर आले होते. एकाच्या हाताला हसली ती दुसऱ्याच्या हाताला गप उभी राहिली. तो दुसरा छडीवाला आहे.

हे शाळेच्या पुस्तकात का शिकवत नाहीत, काय माहीत. बेडकाच्या पोटात काय आहे ते शिकवतात.

११ जून

कॅलेंडरमागं खोचलेलं मोरपीस काढलं आणि स्वतःच्या तळपायावर फिरवलं. काही नाही. बगलेत बोटं घातली. काही नाही. बरगडीत ढोसलं, नुसतं दुखलं. तेवढ्यात भागम्मा स्वैपाकघरातून आली.

"काय करायलाव?"

"शास्त्र."

"म्हातारपणी याड लागलं," म्हणाली आणि जाता जाता माझ्या बरगडीत एकच बोट घातलं. मी असा ओरडलो की शेजारची कमलबाई दारात आली. तेच बोट, तीच बरगडी! माझं असलं तर काही नाही, बायकोचं असलं तर बोंब. म्हणजे माणसाला स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. मी भागम्माला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ह्ये तर शेंबडं पोरगंबी सांगंल."

सांगंल, पण का ते सांगंल का?

१८ जून

गुदगुली दोन जातीची असते. एक मुंगीची: अंगावर मुंगी चालल्यासारखी, त्यात हसू येत नाही, खाजवावं वाटतं. दुसरी बरगडीची, हसवून मारणारी. बरगडीची स्वतःला होत नाही. मुंगीची मात्र होते. ओठावर, कानामागं स्वतःच्या हातानं पीस फिरवून बघितलं, चांगली शिरशिरी आली.

पण एक गंमत सापडली. डाव्या हाताला, कोपराच्या खाली करंगळीच्या बाजूनं पीस फिरवलं तर मुंगीचीबी होत नाही. भागम्माला फिरवायला लावलं, तरी नाही. तिथं कातडी जरा फिकी पडलीय, टेबलाला घासून असेल. उजव्या हाताला त्याच जागी पीस लावलं तर लगेच कळतं.

मी विचार केला आणि कारण मिळालं. डावा हात दिवसभर कापडावर असतो. सूत, टेरिकॉट, मांजरपाट, सगळं त्याच्यावरून घासत जातं. त्याला सवय झाली. म्हणजे सवयीनं गुदगुली जिंकता येते! माझा डावा हात जिंकून बसलाय आणि मला पत्ताच नाही.

२ जुलै

सापडलं! सापडलं!

शेजारच्या हॉटेलचे किशनराव बंडीचं माप द्यायला आले. त्यांची रोजची खोड म्हणजे सकाळी दुकान उघडताना मागून येऊन माझ्या बरगडीत बोट घालायचं आणि "शरणार्थ, मास्तर" म्हणायचं. आज माझा डाव होता. टेप कंबरेला लावला तसे ते हसायला लागले आणि त्यांनी माझा हात वरून धरला. धरलेलाच होता आणि मी टेप सरकवत बगलेपर्यंत गेलो. हसू बंद! माणूस शांत उभा!

परत केलं. हात धरलेला नसला की उड्या, त्यांचा हात माझ्या हातावर असला की चिडीचूप. अंगाला वाटतं की आपलाच हात आहे. आणि आपल्याच हाताची गुदगुली होत नाही. बास, कुलूप उघडलं.

किशनराव म्हणाले, "मास्तर, तुमी शिंपी कशाला झालात?" मी त्यांना फुकट बंडी शिवून देणार होतो, पण भागम्मानं डोळे वटारले.

१४ जुलै

आता दुकानात ज्याला त्याला सांगतो, "माझ्या हातावर हात ठेवा." एकजण हलत नाही. मापं एका सुताचा फरक न होता येतात. व्यंकटरावाला निरोप धाडला की या. ते कापसाच्या कामात नांदेडला गेलेत, पोळ्यानंतर बघू म्हणाले. काही घाई नाही. मी तयार आहे.

डावा हातही दिवसेंदिवस पक्का व्हायलाय. काल काज करताना सुई करंगळीत गेली आणि मला कळलंच नाही, पांढऱ्या कापडावर रगत दिसलं तेव्हा बघितलं. तरुणपणी सुई लागली की आई आठवायची.

२२ जुलै

कोळशाच्या इस्त्रीनं डाव्या हाताची कड भाजली. वास आला म्हणून बघितलं, तर माझ्याच हाताचा. फोड केवढा आला. भागम्मानं तूप लावलं. म्हणाली, "दुखलं न्हाई?"

मी म्हणालो, "हात तयार झालाय माझा."

ती फोड सोडून वरच्या फिक्या जागेकडं बघत बसली. मग म्हणाली, "सूर्यभान डॉक्टरला दाखवून या." मी म्हणालो, भाजल्याला डॉक्टर कशाला? तर रागानं आत निघून गेली. बायका कशावरून रुसतील काही नेम नाही.

१ ऑगस्ट

आता रोज तेच टुमणं, डॉक्टरकडं जा. काल डोळ्यात पाणी आणलं. तिचं माहेर बोरीचं. म्हणाली, तिकडं तिचा एक चुलता होता, त्याला असंच. पुढं बोललीच नाही. कोण चुलता? असला कुठला चुलता मी लग्नात बघितला नाही.

बरं जातो. डॉक्टरला माझ्या हाताचा शोधबी सांगता येईल.

३ ऑगस्ट

सूर्यभान डॉक्टर तरुण आहेत, हसतमुख. मी त्यांना हातावर हात ठेवायची युक्ती सांगितली. ते म्हणाले, "अहो, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. पोट तपासताना पेशंटला गुदगुल्या झाल्या की त्याचाच हात वर ठेवायचा." माझं तोंड उतरलं. पण त्यांनी मला कारण सांगितलं. आपला हात निघाला की मेंदूला आधीच वर्दी जाते, म्हणून तो दचकत नाही. दुसऱ्याच्या हाताची वर्दी नसते. आणि हसू यायला तो दुसरा माणूसबी आपला लागतो, भरवशाचा. पोलीस झडती घेतो तेव्हा कोण हसतं? मला लय पटलं.

मग मी ऐटीत डावा हात पुढं केला. म्हणालो, "हा बघा, ह्यानं गुदगुलीवर विजय मिळवलाय."

त्यांनी हात हातात घेतला आणि हसायचे थांबले. म्हणाले, "डोळे मिटा. मी कापूस लावतो. जिथं लागेल तिथं उजव्या बोटानं दाखवा."

मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ बसलो. मी म्हणालो, "सुरू करा की, डॉक्टर."

ते म्हणाले, "झालं करून."

मग कोपराच्या मागं दाबून बघितलं. शीर दोरीसारखी जाड लागली म्हणाले. दार लावून घेतलं आणि सांगितलं. कुष्ठरोग. आमच्याकडं रगतपिती म्हणतात.

४ ऑगस्ट

आज काही लिहायचं नाही.

७ ऑगस्ट

दुकान बंद होतं. लोकांना सांगितलं, ताप आहे.

सकाळी पूजेला बसलो. इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतं. घ्यायलाच धजलो नाही. ह्या हातावर देव ठेवू का? भागम्मा मागं उभी होती. तिनं माझा हात धरला, त्यावर लिंग ठेवलं आणि म्हणाली, "देवाला काय रोग व्हायलाय? करा पूजा." मी रडलो. लहान पोरासारखा रडलो, लिहायला लाज कशाची.

ती म्हणाली, तिला जूनमध्येच शंका आली होती, पीस फिरवलं त्या दिवशी. मी इकडं विजयाच्या गोष्टी करत होतो आणि ती बाई माझ्या मागं पदर तोंडात धरून होती. किती मूर्ख असावं माणसानं.

पण बास झालं. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलं, नव्या गोळ्या निघाल्यात, परभणीला सरकारात फुकट मिळतात. सहा महिने घ्यायच्या, बरा होतो. माझा लागट प्रकार नाही, गोळ्या सुरू झाल्यावर तर कुणाला काही भीतीच नाही. बोटं वाकडी होऊ द्यायची नसतील तर रोज हाताला तेल लावून बोटं ताणायची, विस्तव आणि सुई डोळ्यांनी सांभाळायची. हात सांगत नाही, तर डोळ्यानं बघायचं. बघीन की. मार्गशीर्षाला व्यंकटरावाच्या घरचे कपडे मीच शिवणार.

१२ ऑगस्ट

परभणी. यष्टीत उभा राहून गेलो. पहिला डोस तिथल्या माणसानं समोर उभं राहून गिळायला लावला. परत येताना लघवी लाल झाली, आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर जीवच गेला असता.

रांगेतून बाहेर पडताना दवाखान्याच्या फाटकाबाहेर सिताराम दिसल्यासारखा वाटला. त्याचा मेव्हणा तिकडं राहतो म्हणे. मी तोंड फिरवलं.

भागम्मा म्हणते, कुणाला काही सांगू नका. मी म्हणालो, बरं.

३० ऑगस्ट

आता भागम्माचं नवं शास्त्र सुरू झालंय. रोज दिवा लावायच्या आधी माझे डोळे मिटायला लावते आणि पीस फिरवते. मी "लागलं" म्हणतो तेव्हा कधी कधी तिनं पीस उचललेलंच नसतं. "खोटं बोलू नका," म्हणते आणि उजव्या बरगडीत बोट घालते. मी बोंब मारतो. "ह्ये जिवंत हाय अजून," म्हणते. तिला लय मजा वाटते.

दुकान चालू. सफारीची दोन कामं आली. बोटं अजून सरळ आहेत.

२१ सप्टेंबर

किशनराव सकाळी बरगडीत बोट घालायचे विसरले. लांबूनच "शरणार्थ" म्हणाले. गिऱ्हाइकांची गर्दी असेल हॉटेलात.

२ ऑक्टोबर

गिऱ्हाईक नाही. पितरपाठ चालू आहे, नवे कपडे कोण शिवायला टाकतं ह्या दिवसात. दरसाल असंच असतं. बसल्या बसल्या मशीनला तेल दिलं, कात्र्यांना धार लावून आणली.

किशनराव आजबी विसरले.

१६ ऑक्टोबर

दसरा उद्यावर आला आणि दुकानात माशी नाही. सितारामच्या बोळात मात्र माणसं उभी आहेत. माझ्याकडं शिवायला टाकलेला एक शर्ट तर न शिवताच परत नेला. "घाई न्हाई, राहू द्या," म्हणत कापड चिमटीत धरून नेलं.

मी खुळा नाही. जरा उशिरा कळतं एवढंच.

किशनरावाच्या हॉटेलात गेलो आणि उभं राहून सगळ्यांच्या देखत विचारलं, "किशनराव, तुमी बरगडीत बोट घालायचं का सोडलं?" ते कढईकडं बघत राहिले. म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. लेकराबाळाचं घर हाय." मी म्हणालो, "गोळ्या चालू हायत, डॉक्टरला विचारा, माझ्यापासून कुणाला काही होत न्हाई." ते म्हणाले, "इचारतो की." पण मला ठाऊक आहे, नाही विचारणार.

घरी येऊन भागम्माला सांगितलं, आता लपवायचं काही उरलं नाही, त्यामुळं भ्यायचंबी काही उरलं नाही. ती म्हणाली, "व्यंकटराव?" मी म्हणालो, त्यांच्याकडून बोलावणं नाही आलं तर मी जाईन.

६ नोव्हेंबर

दिवाळी आली. एकही जोड शिवला नाही, स्वतःचा सदराबी नाही. भागम्माला म्हणालो, लोक येत नाहीत म्हणून हात थांबवायचा नाही. जुन्या कापडावर रोज काज करतो. करंगळीला कळत नाही, पण डोळे तिच्यावर पहारा ठेवतात.

संध्याकाळी पिसाचं शास्त्र. फिक्या जागेच्या वरच्या कडेला काहीतरी चाललं. मी "लागलं" म्हणालो. भागम्मानं परत फिरवलं, परत कळलं. परत, परत. मुंगी! बाई हसली आणि लगेच रडली. करंगळी मात्र मेलेलीच. डॉक्टर म्हणाले होते, जे येईल ते येईल, सगळं येईलच असं नाही. ठीक आहे.

१२ नोव्हेंबर

व्यंकटरावाच्या वाड्यावर न बोलावता गेलो. टेप गळ्यात होता. त्यांच्या बायकोनं, धुरपताबाईनं, मला बघून पदर सावरला आणि आत गेली. व्यंकटराव बाहेर आले. मी सरळ सांगितलं, मला कुष्ठरोग झाला, दवा चालू आहे, कुणाला लागत नाही, आणि मी माप घ्यायला आलोय, तुमी मला शब्द दिलाय.

व्यंकटराव माणूस दिलदार. म्हणाले, "ऐकलं हाय म्या. सूर्यभान डॉक्टरला सोता जाऊन इचारून आलो. काही होत न्हाई म्हणले. शब्द म्हणजे शब्द. घे माप."

मी म्हणालो, "माझ्या हातावर हात ठेवा, म्हणजे गुदगुल्या होणार न्हाईत." त्यांनी हात उचलला आणि परत खाली सोडला. म्हणाले, "असू दे. तसंच घे."

मी टेप लावला. छाती, पोट, मुंढा, बगल. आणि काय सांगू, माणूस हलला नाही! जो नुसतं बोट दाखवलं तर उड्या मारायचा, तो खांबासारखा उभा. एक सूत फरक नाही. जून महिन्यापासून ज्यासाठी मरत होतो ते माप आज माझ्या खिशात आहे. येताना पाय जमिनीवर नव्हते.

भागम्माला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "हसले का?"

"अजिबात न्हाई!"

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

१३ नोव्हेंबर

सकाळी कापडावर खडू धरला आणि हात थांबला.

हसले का, असं विचारलं तिनं. नाही हसले. हात माझ्या हातावर नव्हता, तरी नाही हसले. पोरांच्या रांगेतबी असंच झालं होतं, छडीवाल्या मास्तरापुढं. पोलिसाच्या झडतीत कुणी हसत नाही. मला व्यंकटरावाचा कालचा श्वास आठवतोय. त्यांनी तो धरून ठेवला होता, मी टेप काढेपर्यंत.

इतक्या वर्षांत त्या माणसानं मला मुडद्या म्हटलं, मेल्या म्हटलं. काल एकसुद्धा शिवी दिली नाही.

माप अगदी बरोबर आहे. मला ते नको आहे.

१५ नोव्हेंबर

परत गेलो. व्यंकटराव म्हणाले, "आता काय? माप चुकलं का?"

मी म्हणालो, "बरोबर आलं. म्हणूनच परत घ्यायचंय."

त्यांना कळेना. मग मी बोललोच. "मालक, तुमी मला भेयलात."

ते ओसरीवर खाली बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "चन्नाप्पा, तुला खोटं कशाला सांगू. डोक्यानं न्हाई भेत मी. डॉक्टर बोलला, मला पटलं. पण अंग भेतंय. त्या अंगाला मी काय करू?"

एवढं खरं मला इतक्या महिन्यात कुणी बोललं नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, कारण आता कळलं की काम कुठं करायचंय. मी म्हणालो, "अंगाला सवय लावू. कोट शिवून होईपर्यंत मी येत जातो. कधी खांदा बघीन, कधी बाही. तुमी फक्त उभं राहा."

"आन न्हाईच लागली सवय तर?"

"तर कोट तरी चांगला बसंल."

ते हसले. तोंडानं हसले, गुदगुलीनं नाही. पण घरातून चहा मागवला.

१९ नोव्हेंबर

गेलो. खांद्याचं माप. खांबासारखे उभे. श्वास धरलेला.

त्यांच्या घरच्या बाकीच्यांची मापं मला मिळाली नाहीत. धुरपताबाईनं निरोप पाठवला की बायकांचं आणि लेकरांचं सितारामकडं दिलंय. म्हणजे सगळ्या घराचं काम गेलंच. एक कोट तेवढा उरला. व्यंकटरावाची मान खाली होती. मी म्हणालो, बाही वर करा.

२४ नोव्हेंबर

कोट कापला. कच्ची शिलाई घातली. प्रत्येक टाका बघून, कारण कळायचं असेल तर डोळ्यांनाच. भागम्मा शेजारी बसून सुया ओवून देते. आता ती मला पीस लावायचं विसरत नाही आणि बरगडीचंही विसरत नाही. म्हणाली, "अख्ख्या गावाचं जाऊ द्या, मी हाय ना उड्या मारायला लावायला." मी म्हणालो, तू आहेस म्हणून तर मला माहीत आहे की काय गेलंय ते. ती म्हणाली, पुस्तकातलं बोलू नका.

२८ नोव्हेंबर

ट्रायल दिली. हात खाली येतात, वर जातात. व्यंकटराव आरशासमोर वळून वळून बघत होते. मी मुंढ्यात बोट घालून बघितलं. श्वास धरला, पण अर्धाच. माझ्याशी पोरीच्या सासरच्यांविषयी बोलत होते, बोलता बोलता धरायचं अर्धवट राहिलं बहुतेक.

३ डिसेंबर

कोटाला आता काही करायचं राहिलं नाही, काज-बटणंबी झाली. तरी गेलो. म्हणालो, बगलेत एकदा बघतो. ते म्हणाले, "आता काय बघतोस? झालाय की कोट." मी म्हणालो, मालक, उभं राहा.

हातावर हात ठेवा म्हणालो नाही. ते आपणच मोंढ्यातल्या कापसाच्या भावाविषयी काहीतरी चिडून सांगत होते. मी टेप डाव्या बगलेखाली नेला आणि मुद्दाम जरा रेंगाळलो.

कोपर हललं. किंचित, अंग चोरल्यासारखं बरगडीकडं ओढलं गेलं. लगेच परत जागेवर गेलं आणि ते बोलत राहिले, त्यांना स्वतःला कळलंसुद्धा नसेल.

घरी येऊन भागम्माला सांगितलं. ती म्हणाली, "तुमाला भास झाला असंल. इतके दिस मनात धरून बसलाव."

भास बीस काही नाही. टेप माझ्या उजव्या हातात होता. त्या हाताला सगळं कळतं. शुक्रवारी परत जाणार.